कोंबडा की कोंबडी

ताईनं करवंद दातांनी फोडलं, चघळलं आणि गिळून टाकलं.

"कोंबडा की कोंबडी?" मोजणीदारानं विचारलं. सरकारी नोकरीत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता.

"किडकं होतं. हे धरायचं नाही," ताई म्हणाली.

करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बबीला आठवलं, वडील दोघी बहिणींचं प्रत्येक भांडण याच करवंदाच्या जाळीपाशी मिटवायचे. भांडी कोण घासणार, आजोळी कोण जाणार, सगळं करवंद ठरवायचं. आता साठी उलटल्यावर वडिलांचं शेत वाटायचं होतं. कोंबडा निघाला तर विहिरीची बाजू ताईची, कोंबडी निघाली तर बबीची. मग मधली जाळी तोडून बांध घालायचा.

बबीचं करवंद कच्चं निघालं, ताईचं पुढचं हातातून निसटलं. दुपार कलली तशा दोघींच्या हनुवट्या जांभळ्या झाल्या. मोजणीदारही जाळी ओरबाडू लागला.

तेवढ्यात बबीनं फोडलेलं करवंद आतून स्वच्छ पांढरं दिसलं. ज्या विहिरीपायी ती ताईशी दोन वर्षं बोलली नव्हती, ती विहीर आता तिच्या चिमटीत होती. तिनं करवंद घाईघाईनं तोंडात कोंबलं.

"अगंबाई, गिळलंच!" बबी म्हणाली.

"अधाशी मेली! लहानपणापासून अशीच," म्हणत ताईनं पुढचं करवंद तिच्या हातावर ठेवलं.

संध्याकाळी जाळी रिकामी झाली. "मग मी काय लिहू?" मोजणीदारानं विचारलं.

"लिहा, करवंदं संपली," ताई म्हणाली. "पुढच्या वैशाखात या. आणि येताना मीठ आणा."