हातानं टंकलेला हिरा

पक्षाघाताच्या झटक्यातून उठल्यावर वसीलाबाईंनी एकच ध्यास घेतला: सोमवारी स्फाक्स शहरातल्या आपल्या कॉलेजात पुन्हा वर्गावर जायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. लेक रिहाब म्हणाली, “यम्मा, आधी प्रोग्राम लिहून पडद्यावर चांदणीच्या चिन्हांचा हिरा छापून दाखव.” “एवढंच? पोरांचा पहिला धडा! जा, पुदिना घालून चहा टाक.” रिहाब चहा घेऊन आली तेव्हा हिरा तयार होता, चारही बाजूंनी अगदी सारखा. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं प्रोग्राम उघडला. एकच काम यंत्राकडून पुन्हापुन्हा करवून घेणारं लूप त्यात नव्हतंच. आईनं एकेक चांदणी हातानं टंकली होती. “छान जमलाय,” ती कशीबशी म्हणाली. वसीलाबाईंनी लॅपटॉप मिटला. “खोटं बोलू नकोस. असं करणाऱ्यांना मी शून्य द्यायचे. लूप आठवेनाच गं. कॉलेजात कळव, मी येत नाही.”