घड्याळाचा सेल

कवठे येमाईच्या मच्छिंद्रआप्पांकडे मुलाचा, पृथ्वीराजचा, जुना लॅपटॉप होता. आतल्या घड्याळाचा सेल संपल्यामुळे तो चालू करताना दरवेळी तारीख-वेळ विचारत अडून बसायचा. मग आप्पा बंगळुरूला पृथ्वीराजला फोन लावायचे. कोणतं बटण दाबायचं ते तो सांगायचा आणि बोलता बोलता जेवलात का, गुडघा कसा आहे, तेही विचारायचा.

एकदा मात्र तो वैतागला. "आप्पा, रोज काय तेच? शिरूरला जाऊन सेल बदलून घ्या की."

आप्पा गेले. दुकानातल्या पूनमनं लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून रुपयाएवढा नवा सेल बसवला. तारीख-वेळ एकदा लावून दिल्यावर लॅपटॉप न अडता चालू झाला.

"बघा आप्पा, आता कुणाला इचारायची गरज न्हाई."

"व्हय," एवढंच म्हणून आप्पा एसटी धरायला निघाले.

संध्याकाळी घरी त्यांनी लॅपटॉप उघडला. कुठंही न अडता पृथ्वीराजच्या लग्नाचे फोटो समोर आले. ते बघत आप्पा बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी फोन लावला.

"पृथ्वी, सेल बदलला रं. पर ह्यो अजून अडतोयच. कंचं बटण दाबू?"