स्वतंत्र तपासनीस

तपासनीस कंपनीपासून पूर्णपणे स्वतंत्र असावा, हे या धंद्याचं पहिलं तत्त्व. म्हणून संचालकांनी बायकोला नेमलं नव्हतं. मेहुणीला नेमलं होतं.

आता त्यांनी मेहुणीपुढे एक कागद सरकवला. ‘दोष माझ्या नजरेतून सुटला’ एवढंच त्यावर छापलं होतं. खाली सहीची जागा. शेजारी कंपनीचा वकील पेनाचं टोपण काढून तयारीत बसला होता.

कंपनीचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे लोकांच्या ठेवी आपोआप सांभाळणारा प्रोग्राम, चार दिवसांपूर्वी कोणीतरी धुऊन पुसून रिकामं केलं होतं. ठेवीदार खाली फाटकाशी शिव्या घालत होते. सही केली की त्या सगळ्या शिव्यांची धनीण ती होणार होती, आणि यापुढे कोणी तिला तपासायला प्रोग्रामच्या चार ओळीही देणार नव्हतं.

“कर सही. अशा वेळी घरची माणसं पाठीशी उभी राहतात.”

“पाठीशी की पुढ्यात, भावोजी?”

तिने प्रोग्राम चालू होण्याआधी दिलेला आपला अहवाल उघडून एकतिसावं पान वाचलं. “प्रोग्राम पैसे आधी देतो, नोंद नंतर करतो. मधल्या क्षणात कोणी पुन्हा मागितले, तर पुन्हा देतो. दोष गंभीर. दुरुस्तीशिवाय चालू करू नये.”

चोराने नेमकं हेच केलं होतं. वकिलाने मुकाट्याने पेनाला टोपण लावलं.

“एकतीस पानं कोण वाचतं?” भावोजी उखडले. “पहिल्या पानावर ‘तपासणी पूर्ण’ लिहिलंस, मी निश्चिंत झालो! तोंडाने सांगायला काय जीभ झडली होती?”

“फोन केला होता. तुम्ही म्हणालात, गडबडीत आहे, ताईला सांग. ताई म्हणाली, त्यांच्या धंद्यातलं माझ्यापाशी बोलू नकोस.”

भावोजींना एकदम आधार सापडला.

“पण आम्ही काही लपवलं का? अख्खा अहवाल वेबसाइटवर टाकलाय, पहिल्या दिवसापासून! वकीलसाहेब, लिहा, कारभार पारदर्शक होता. थांबा, किती लोकांनी वाचला त्याचा आकडाच दाखवतो.”

त्यांनी ऐटीत लॅपटॉप दोघांकडे फिरवला.

पहिलं पान नऊ हजार जणांनी पाहिलं होतं. अहवाल शेवटपर्यंत एकानेच वाचला होता, चोरीच्या आदल्या दुपारी.