कॉलरमधली तार

धाकट्याने आणखी एका गिऱ्हाइकाचा कोट ओढला, कॉलर टरकन उसवली आणि आत बोट घालून चाचपली. अस्तर निघालं, कॅनव्हास निघाला. तार निघाली नाही. त्याने कोट ढिगावर फेकला.

"लग्नाचा आहे तो," थोरला दातओठ खात म्हणाला. "न्यायला येतील आता. काय सांगू त्यांना?"

"येऊ देत. मीच विचारतो, तारेतून कुणासाठी माझं बोलणं ऐकतात ते."

शिलाईच्या दुकानाबाहेर गाडी उभी होती. दवाखान्यात आज दुपारची वेळ मिळाली होती, तीही धाकट्याच्या बायकोने हातापाया पडून मिळवलेली. चुकली तर पुढची कधी, कुणीच सांगत नव्हतं. धाकटा मात्र कटिंगच्या टेबलामागून हलायला तयार नव्हता, आणि त्याच्या हातात मोठी कात्री होती.

"ठेव रे राजा ती," आई म्हणाली, आणि लगेच सुनेवर उलटली. "सोन्यासारखा होता माझा पोरगा. हिने डोकं खाऊन खाऊन असा केला."

"मी?" सून म्हणाली. "आणि ह्यांच्या काकांचं डोकं कुणी खाल्लं होतं, आई? ते भिंतीशी बोलायचे. डॉक्टर विचारत होते घराण्यात कुणाला होतं का, तर तुम्ही तोंड शिवून बसलात."

"मेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस."

"मग जिवंत माणसाला तरी वाचवा! आजार आहे हा. थोडं रक्तातून येतं, थोडं बाहेरून. ह्यांना तर सीझन सीझन करून भाऊजींनी रात्र रात्र मशीनला जुंपलं. आधी झोप गेली, मग आवाज आले."

"झालं? आता मीच का?" थोरला उसळला. "खाल्ल्या घरचे वासे मोज तू!"

"हळू बोला," धाकटा म्हणाला. "तुमच्या कलकलाटात त्यांचं नीट ऐकू येत नाही." मग त्याने बायकोकडे कात्री रोखली. "मला वेड्यांच्या दवाखान्यात टाकायचंय हिला. अगं, मी वेडा असतो तर तार निघाली असती का? माझ्या शर्टातून दादाने काढली, माझ्या डोळ्यांदेखत. हो की नाही, दादा?"

थोरला ढिगातला लग्नाचा कोट उचलून झटकू लागला.

"आता का वाचा बसली, भाऊजी?" बायको म्हणाली. "गल्लीभर सांगत होतात ना, डॉक्टर कशाला हवा, अक्कल हवी. हे दोन दिवस शांत झाले आणि मग गिऱ्हाइकांचे कोट फाडायला लागले. तुमच्या अकलेचे दिवे आहेत हे. सांगा ह्यांना खरं."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"तार नव्हतीच रे," थोरला शेवटी म्हणाला. "मीच शिवली होती आत. तू झोपलेला असताना. मग तुझ्यासमोर उसवून काढली. म्हटलं, एकदा निघालेली बघितलीस की डोक्यातूनही जाईल. तुझी शप्पथ, मीच घातली होती."

हळूहळू धाकट्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, खांदे सैल पडले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा शांत दिसला. बायकोने पदराने तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

"म्हणजे तूच घातलीस," धाकटा म्हणाला. "घरातलंच कुणीतरी आहे, असं ते सांगत होते. मी म्हणायचो, दादा नसेल."

त्याने मान कलती केली, काहीतरी ऐकलं, होकार भरला. टेबलाला वळसा घालून तो थोरल्यापाशी आला.

"तुझा तरी काय दोष," तो मायेने म्हणाला. "तुलाही लावलेली असणार. हलू नकोस, दादा. कॉलर इकडे कर."