पाठीवरचा डबा

थोरल्या नातीचं बारसं शहाण्णव साली झालं, त्याच महिन्यात तातोबा लेकीच्या नावानं धर्मादाय संस्था काढायला वकिलाकडे गेले.

"उद्देशांची यादी तयारच असते, आजोबा. शिक्षण, आरोग्य, वृक्षारोपण."

"ते राहू द्या. मुलींना पोहायला शिकवणं, एवढंच लिहा."

वकील हसला. "पोरींना पोहून कुठं जायचंय?"

"मीही हेच म्हणालो होतो." तातोबांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. डबा जुना होता, दोरी नवी. "हा पाठीला बांधून तिघा पोरांना विहिरीत शिकवलं. ती काठावर बसून बघायची."

वकिलानं छापील यादी बाजूला सारली आणि कोऱ्या कागदावर तेवढाच उद्देश लिहिला. "लेकीचं नाव?"

"हौसा."

हौसा एकाहत्तरच्या वैशाखात त्याच विहिरीत बुडून वारली. तेरा वर्षांची होती.