डावीकडे ओढणारा ट्रक

"डावीकडे ओढतोय," ट्रकमधून उतरता उतरता एसेनबाय म्हणाला. "तुमच्या नव्या ब्रेकची करामत, उस्ताद!"

कानिशायच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नवऱ्याच्या जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकांचे ड्रम काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायला ती काल दिवसभर खपली होती. कोळसा भरून घाट उतरताना जुने ब्रेक तापायचे आणि ऐन उतारावर दगा द्यायचे. तो घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. बापाच्या गॅरेजमध्ये वाढलेली बाई. कोचकोर गावातले अर्धे ट्रक तिच्या हाताखालून गेलेले. पण प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळून पाहिला, तो याच ट्रकचा.

"ब्रेक दाबल्यावर ओढतो, की नुसताच?"

"नुसताही. दाबला की जरा जास्तच. घाटाच्या पायथ्यापासून परत फिरलो."

घाटात दरी डावीकडेच होती.

"जीभ का जड झालीय?" तिने विचारलं. "काल माझ्या भावाकडे किती ढोसलीत?"

"एकच पेला. तुझ्या भावाची शपथ!"

"त्याला कशाला मारता? स्वतःची घ्या."

तिने जॅक लावला. आधी चाकांतली हवा पाहिली, दोन्हीकडे सारखी. चाकं हाताने फिरवली. कुठेच अडकत नव्हती. दोन्ही डिस्क सारख्याच कोमट लागल्या, म्हणजे एक बाजू जास्त पकडते असंही नव्हतं. ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली असेल म्हणून तिने दोन्हीकडचं तेल थोडं सोडून पाहिलं. बुडबुडा नाही.

"स्टिअरिंग पूर्ण वळवा. आता दुसरीकडे."

ती खाली आडवी होऊन बघत राहिली. कुठली नळी ताणली जात नव्हती, कुठला दांडा घासत नव्हता.

"खाली उतरून पाना द्या तो."

पाना तिच्या कानाशेजारी खणकन पडला.

"मी विधवा व्हायच्या आधी विधुर व्हायची घाई झालीय का तुम्हाला?"

"डावा हात बधिर झालाय गं," तो ओशाळून म्हणाला. "तुझ्या त्या ट्रकशी कुस्ती खेळून."

ती बाहेर आली. त्याचा तो गारठलेला हात तिने आपल्या काळ्या, तेलकट तळव्यांत धरला आणि ऊब येईपर्यंत चोळत राहिली. रागवायचं होतं, पण रडूच यायला लागलं.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "तुम्ही सुखरूप यावं म्हणून बसवले, आणि मीच तुम्हाला दरीत लोटत होते."

"वेडी आहेस. तू बसवलेल्या ब्रेकने दरीत गेलो, तरी वाटेत कौतुकच करीन."

"गप्प बसा. तिकडून चढा. मी चालवून बघते."

जॅक काढल्यावर तो कुरकुर न करता शेजारच्या सीटवर बसला, हेच नवल. गावाबाहेर रस्ता सरळसोट होता. दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, पलीकडे बर्फाचे डोंगर. कानिशायने वेग वाढवला. श्वास रोखून ब्रेकवर पाय दाबला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून घेतले.

ट्रक नाकासमोर सरळ गेला आणि सरळच थांबला.

तिने पुन्हा केलं. या वेळी जोरात. रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले, दोरी धरून आखल्यासारखे. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. तिचं काही चुकलं नव्हतं. ट्रकला काहीच झालेलं नव्हतं.

"बघा!" ती खळखळून हसत त्याच्याकडे वळली. "कुठे ओढतोय? सांगा ना, कुठे ओढतोय?"

तिला हसताना पाहून एसेनबायही हसला. पण फक्त उजव्या अर्ध्या चेहऱ्याने.