कानांची परीक्षा

बाबा गेल्यावर नालवाडीच्या घरात काचेच्या व्हॉल्व्हचे, गाणी ऐकायचे दोन जुने अ‍ॅम्प्लिफायर उरले. उज्वलाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकाचीच जागा होती, तेव्हा ज्याचा आवाज चांगला तोच न्यायचा असं तिने ठरवलं.

निवडायची बाबांची पद्धत तिला ठाऊक होती. दर रविवारी ते आईला भिंतीकडे तोंड करून बसवत, क्रम पालटत तेच गाणं आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर लावत, आणि विचारत, कोणता गोड? आई, म्हणजे कुंताबाई, मेथी निवडता निवडता दर वेळी एकच उत्तर देत, "दुसरा." की बाबा उसळलेच, "तुले कानच नाई!"

आज उज्वलाने आईला तसंच बसवलं. व्हॉल्व्ह तापून लालसर झाले. गाणं एकदा वाजलं, मग पुन्हा वाजलं.

"सांग आई, कोणता?"

"दुसरा."

कितीतरी दिवसांनी उज्वला खळखळून हसली. "पकडलं तुले! दोन्ही वेळेस मी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर लावलं. म्हणजे इतके वर्ष तू बाबाले नुसती फसवून राह्यली होती!"

 

कुंताबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "मी 'दुसरा' म्हटलं का ते चिडत, अन् मले पटवून द्यायले गाणं पुन्हा लावून जवळ येऊन बसत. तू काऊन हासून राह्यली? चीड ना, अन् लाव."